वाणात गेलेला खून

विमलताई गावंडे यांनी उभ्या आयुष्यात कुणाचं ऐकून पुस्तक वाचलं नव्हतं. लोकांनी मात्र आपलं ऐकून वाचावं, असा त्यांचा आग्रह असे. नेरच्या शाळेत मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या. शाळा सुटली, पण शिकवणं काही सुटलं नाही. दूधवाल्याला त्यांनी एक कवितासंग्रह सुचवला होता. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याला सही करता करता एक प्रवासवर्णन सुचवलं, तेव्हापासून तो सिलिंडर फाटकाशीच ठेवून पसार होतो. सगळे 'वाचतो ना बाई' म्हणत आणि कुणीही वाचत नसे.

अपवाद एकट्या अमिनाबींचा. त्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. मुलाचं, इकबालचं, ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि घरात सून खमकी होती, त्यामुळे अमिनाबींना वाचायला सवड होती. विमलताईंनी दिलेलं जाडजूड, वैचारिक, झोप आणणारं कुठलंही पुस्तक त्या शेवटच्या पानापर्यंत वाचत. मग शनिवारी संध्याकाळी अमिनाबींच्या ओट्यावर बैठक बसे. बैठकीचा नियम एकच होता: पुस्तक परत करायचं आणि मत सांगायचं, तेही खरं. अमिनाबी खरं सांगत. एका थोर माणसाच्या चरित्राबद्दल त्या म्हणाल्या होत्या, "माणूस चांगला होता व विमलताई, पन त्याच्या बायकोले कोनी विचारलं नाई." विमलताई आठवडाभर घुश्शात होत्या. नंतर त्यांनाही तसंच वाटायला लागलं, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

या संक्रांतीच्या आधी अमिनाबींनी मात्र धरणंच धरलं.

"तुमचे मी इतके वाचले. आता माह्यं एक वाचा."

आणि त्यांनी आतून 'जिनिंगमधले प्रेत' नावाची कादंबरी आणली. मुखपृष्ठावर जिनिंगच्या कारखान्यात कापसातून काढलेल्या सरकीचा ढीग होता आणि ढिगातून एक हात वर आला होता. हाताला घड्याळही होतं. पानापानावर इकबालच्या लहानपणच्या ग्रीसच्या अंगठ्यांचे ठसे होते. अमिनाबींनी ती तरुणपणी यवतमाळच्या बसस्थानकावर घेतली होती आणि आता ती कुठे मिळत नव्हती. "माह्या जिवाचं पुस्तक हाये," त्या म्हणाल्या.

विमलताईंनी ते दोन बोटांनी उचललं. घरी येऊन आधी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. दुसऱ्याचं पुस्तक खराब होऊ नये म्हणून आपण हे करतो, असं त्यांनी सुनेला, वैष्णवीला, सांगितलं. ते अर्धसत्य होतं. तो घड्याळवाला हात आपल्या हातात कुणी पाहिला तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही, हे उरलेलं सत्य त्यांनी स्वतःजवळ ठेवलं.

चार पानं चाळून कडक मत द्यायचं, असा त्यांचा बेत होता. पण दुसऱ्याच प्रकरणात जिनिंगच्या मालकाचा मेहुणा सरकीत सापडला आणि विमलताईंची खिचडी खाली लागली. तिसऱ्या प्रकरणाला त्यांचा संशय मुनीमावर बसला. पुढे जेवणं उशिरा होऊ लागली. सदाशिवराव, म्हणजे त्यांचे यजमान, कापूस खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर म्हणून निवृत्त झालेले. बोटांनी कापसाचा धागा ओढून पाहायची सवय अजून न सुटलेले. ते एक दिवस पोळीचा तुकडा तसाच ओढून पाहत म्हणाले, "कच्ची हाये." विमलताईंना ऐकूच आलं नाही. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. त्यात सुताचा दोरा खूण म्हणून ठेवून त्यांनी पुस्तक कपाटावर ठेवलं, कारण उद्या हळदीकुंकू होतं.

आता हे हळदीकुंकूच सगळ्या रामायणाचं मूळ. दरवर्षी संक्रांतीला बायका वाण म्हणून साबणाच्या डब्या, चहाच्या गाळण्या आणि प्लॅस्टिकच्या टोपल्या लुटतात. विमलताईंनी ठरवलं की यंदा आपण पुस्तकं लुटायची. आपण सुचवलेली पुस्तकं लोक वाचत नाहीत ना, मग हळदीकुंकू लावून ओटीतच घालू, बघू कशी वाचत नाहीत.

सल्ले देणाऱ्यांची वाण नव्हती. समोरच्या सुखीबाई राठोड म्हणाल्या, "बाई, त्यापेक्षा डबे देल्ले असते त कामी आले असते." सुखीबाईंचे यजमान धनसिंग एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर, ते म्हणाले, "पुस्तक देऊन राह्यल्या त चष्माबी द्या संगं." सदाशिवरावांनी ग्रेडरच्या गांभीर्याने निकाल दिला, "माल चांगला हाये, पन उठाव नाई."

विमलताईंनी कुणाचं मनावर घेतलं नाही. आपल्या कपाटातली डझनभर निवडक पुस्तकं काढली. मुखपृष्ठं बघून बायकांनी निवडानिवड करू नये म्हणून प्रत्येकाला वर्तमानपत्र गुंडाळलं. हळदीकुंकवाच्या वेळी वैष्णवीने ओटी भरायला मदत केली. बायकांनी पुस्तकं घेतली, वरचा तिळाचा लाडू तोंडात टाकला आणि 'वा, यंदा काही तरी नवीन' असं म्हणून घरचा रस्ता धरला. विमलताईंचा ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं आवरून त्या शेवटचं प्रकरण वाचायला बसल्या, तर कपाटावर पुस्तक नाही.

"आई, तेबी पेपरातच होतं ना," वैष्णवी म्हणाली. "बाया जास्त आल्या, एक कमी पडलं. मले वाटलं वरचंबी वाणाचंच."

विमलताईंनी कपाटाचा माथा पुन्हा हाताने चाचपला. एरवी त्या प्रमाण मराठी बोलत. जीव घाबरला की मात्र आजोळची बोली बाहेर येई. "व माय," त्या म्हणाल्या, "आता काय करू व?"

पुस्तक हरवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. हरवलं म्हणून सांगता आलं असतं, पाया पडता आलं असतं. पण वाणात गेलं होतं. आणि वाणात काय जातं, हे नेरमधल्या कुठल्या बाईला माहीत नव्हतं? घरात नको झालेलं, पडून राहिलेलं, कुणाच्या तरी गळ्यात घालायचं, ते वाणात जातं. इतक्या वर्षांत अमिनाबींनी एकदाच काही वाचा म्हटलं, आणि विमलताईंनी ते साबणाच्या डबीसारखं वाटून टाकलं, असंच अमिनाबींना वाटणार. त्या भांडणार नाहीत, फक्त ओट्यावर बसायचं बंद करतील. अमिनाबी भाचीच्या लग्नाला पुसदला गेल्या होत्या आणि शनिवारी परत येणार होत्या, एवढाच काय तो दिलासा होता.

"मागून घे जा," सदाशिवराव म्हणाले.

पुरुषांना असले सल्ले देणं सोपं असतं. दिलेलं वाण परत मागणारी बाई अजून जन्मायची आहे. सवाष्णीच्या ओटीतलं काढून घेतल्यासारखं होतं ते. शकुन-अपशकुन मी मानत नाही, असं शाळेत शिकवलेल्या विमलताईंचीही तिथे छाती होईना. एकच वाट होती. रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू चालणारच. बोलावतील तिथे जायचं, नाही बोलावलं तरी जायचं, आणि नजर ठेवायची.

पहिलं हळदीकुंकू सुखीबाईंकडे होतं. कुंकू लावून सुखीबाईंनी त्यांच्या ओटीत वाण घातलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक. विमलताईंनी ते दोन्ही हातांनी धरलं. कोपऱ्यात जाऊन कागद फाडला, तर आत त्यांचंच प्रवासवर्णन. कागदही तोच आणि कागदावरचा तिळाच्या लाडवाचा तुपकट डागही तोच.

"सुखीबाई," त्या कशाबशा म्हणाल्या, "हे तर..."

"आता घरात कोन वाचते, बाई," सुखीबाई जराही न लाजता म्हणाल्या. "कोनाच्या तरी कामी येईन म्हून पुढं चालू केलं. चार जनी तुमचेच मले देऊन गेल्या, तेच लुटून राह्यली. पन तुमच्यातलं एक लय भारी होतं. ते मुडद्याचं."

"कुठे आहे ते?" विमलताईंनी त्यांचा हातच धरला.

"एका बैठकीत वाचलं म्या. भाजी करपली. धनसिंगनंबी वाचलं. काल बिजलीबाई आली होती, तिले म्हटलं, हे घेऊन जाय, पयले वाच अन् मंग दुसऱ्याले दे. मी त बाप्पा चाटच पडली, तो खून कोनं केला म्हनान त त्या..."

विमलताईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि त्या तशाच दार ओलांडून बाहेर पडल्या. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, कुठे तरी डीजे लागला आहे.

बिजलीबाई पवार बाजाराच्या मागे राहायच्या. तिथेही हळदीकुंकू, तिथेही वाण, आणि वाणात विमलताईंचा निबंधसंग्रह. तिथून पुढच्या घरी आत्मचरित्र मिळालं, त्याच्या पुढे कविता. चार-पाच दिवसांत विमलताईंच्या पिशवीत त्यांची स्वतःचीच पुस्तकं परत जमू लागली. एकाचंही पान उलटलेलं नव्हतं. मध्येच एक गाळणीही मिळाली. तीस वर्षं शिकवलेल्या बाईचा याहून मोठा अपमान सरकारनेही केला नसता. आणि जिथे जावं तिथे बायका एकाच पुस्तकाबद्दल बोलत होत्या. कुणी डॉक्टरला शिव्या देत होतं, कुणाला मालकाच्या बायकोची कीव येत होती. विमलताईंना राग यावा की आनंद व्हावा हेच कळेना, कारण वादात पडायची त्यांनाही भयंकर इच्छा होत होती.

"मुनीमच असला पाहिजे," त्या बिजलीबाईंना न राहवून म्हणाल्या.

बिजलीबाई हसल्या. "मुनीम? बाई, तुमी पुरं वाचलंच नाई काय?"

"शेवटचं प्रकरण राहिलंय. पुस्तक द्या, वाचते."

"माह्यापाशी कुठं हाये आता? विहीणबाई आल्या होत्या कळंबहून, त्यायच्या ओटीत घातलं. मी सांगू काय तुमाले, शेवटी..."

विमलताईंनी पुन्हा कान झाकले.

शनिवारी सकाळी चिंतामणीचं दर्शन घेऊन येते असं सांगून त्यांनी कळंबची एस.टी. धरली. दर्शनाचं अगदीच खोटं नको म्हणून गणपतीला खरोखर जाऊन आल्या, आणि हात जोडून जे मागितलं ते आजवर कुठल्या भक्ताने मागितलं नसेल. मग विहीणबाईंचं घर शोधलं. पिशवी हातात होतीच; घरी ठेवली तर वैष्णवी तीही वाटून टाकेल, अशी त्यांना धास्ती होती.

विहीणबाईंनी पाट दिला, चहा दिला, कुंकू लावलं आणि सांगितलं, "आमच्या ह्यायनं दोन खेपा वाचलं. मंग शेजारच्या नाजियाले देल्लं तिळगूळ अन् वाण म्हून. ती दरवर्षी आमाले शिरखुर्मा देते, आमी तिले तिळगूळ देतो."

विमलताईंच्या हातातला कप थांबला. "नाजिया? कुठली नाजिया?"

"नेरचीच हाये की. ट्रॅक्टरवाल्या इकबालची बहीन."

अमिनाबींची मुलगी. पुस्तक सगळा तालुका सोडून, अर्धा जिल्हा ओलांडत, नेमक्या त्याच घरात जाऊन बसलं होतं जिथे जायला नको होतं. विमलताई शेजारच्या दारात गेल्या तेव्हा नाजियाने हसून त्यांना आत घेतलं.

"मावशी, गंमत ऐका. वाणात अम्मीचंच पुस्तक आलं. भाईचे अंगठे पाहून वळखलं मी. अम्मीले फोन केला, त अम्मी काहीच नाई बोलली. निस्तं 'पाठवून दे' म्हनली. आत्ताच नेरच्या गाडीत कंडक्टरपाशी देऊन आली."

'काहीच नाही बोलली' हे शब्द विमलताईंना सरळ काळजात लागले. अमिनाबी कुठल्याही पुस्तकावर काहीच बोलल्या नाहीत, असं आजवर झालं नव्हतं.

गाडी सुटायच्या बेतात होती. विमलताई पिशवीसकट आत चढल्या आणि त्यांना दिसलं की कंडक्टर पुढच्या सीटवर बसून पुस्तक वाचतो आहे. कव्हर केव्हाच गळून पडलं होतं. घड्याळवाला हात सगळ्या प्रवाशांना दिसत होता.

"अहो, ते पुस्तक माझ्याकडे द्या," त्या म्हणाल्या. "मी अमिनाबींची शेजारीण आहे. मीच नेऊन देते."

कंडक्टरने पान न सोडता मान हलवली. "नाई जमत. ज्याचं पार्सल त्याच्याच हाती."

"पण मी शेजारीण आहे ना."

"शेजारीच त घेऊन जातेत, बाई."

"तुम्ही दुसऱ्याचं पार्सल उघडून वाचता, ते नियमात बसतं का?"

"उघडलं नाई, उघडंच होतं." त्याने त्यांना अर्धं तिकीट फाडून दिलं. "आतलं वाचू नोका, असं पार्सलवाल्या बाईनं सांगतलं नाई."

विमलताई पिशवी मांडीवर घेऊन त्याच्या मागे बसल्या. यवतमाळला गाडी थांबली, लोक चढले-उतरले, कंडक्टर मध्येच डबल बेल द्यायचा विसरला, पण पुस्तक काही त्याने सोडलं नाही. शेवटी त्याने ते मिटलं, चष्मा पुसला आणि मागे वळून म्हणाला, "तुमचा डाऊट कोनावर होता, बाई?"

"मुनीमावर," विमलताई ताठ मानेने म्हणाल्या.

"मलेबी तसंच वाटलं होतं. मुनीमाची ती चाबी..."

मग काय विचारता. नेर येईपर्यंत दोघं त्या चावीवर तावातावाने भांडली. मालकाची बायको घटनेच्या दिवशी माहेरी खरंच गेली होती का, यावर मागच्या सीटवरच्या एका बाईनेही मत दिलं, आणि तिने पुस्तक पाहिलंही नव्हतं. विमलताई विसरूनच गेल्या की आपण कुठल्या तोंडाने घरी चाललो आहोत.

नेरच्या बसस्थानकावर अमिनाबी उभ्या होत्या. डोक्यावर पदर, हात बांधलेले, चेहऱ्यावर काहीच नाही. कंडक्टरने अदबीने पुस्तक त्यांच्या हाती दिलं. मागोमाग विमलताई उतरल्या.

अमिनाबींनी एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"नाई आवडलं त सांगायचं होतं, विमलताई. म्या वाईट नसतं मानलं. मतासाठीच त बसतो आपन." त्यांचा आवाज बारीक झाला. "लोकाले वाटून कायले टाकलं?"

विमलताईंना पुष्कळ सांगायचं होतं. वैष्णवी, कपाट, कव्हर, सुखीबाई, कळंब. आयुष्यभर वर्गापुढे बोललेली बाई बसस्थानकावर मुकी उभी राहिली.

तेवढ्यात कंडक्टरला वाटलं की आपण मदत करावी. "नाई व अमिनाबी, ह्या बाई सारा रस्ता त्याच पुस्तकावर भांडल्या माह्यासंगं. मी म्हनतो मुनीमाले उगाच पकडलं, खरा खून त केला होता..."

विमलताईंनी पिशवी टाकून दोन्ही कान झाकले. पिशवी फुटली. प्रवासवर्णन, निबंध, आत्मचरित्र, कविता, गाळणी, सगळं फलाटावर घरंगळलं. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. डोळे घट्ट मिटून, कान दाबून त्या ओरडल्या, "सांगू नोका व! मले शेवट वाचाचा हाये!"

फलाटावर सगळे थांबून बघू लागले. अमिनाबींनी खाली पसरलेली ती पुस्तकं पाहिली, एकूण एक ओळखीची. मग कान झाकून उभ्या असलेल्या विमलताईंना पाहिलं. ज्याला पुस्तक नकोसं झालं आहे तो माणूस असा उभा राहत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? त्यांना आधी हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि मग त्या विमलताईंचे हात कानांवरून काढत म्हणाल्या, "चला घरी. आज शनवार हाये."

सगळी हकीकत त्यांनी रस्त्यात ऐकली आणि गोष्ट कव्हरापर्यंत आल्यावर फक्त एवढंच म्हणाल्या, "लपवलं होतं काय मुडद्याले?" विमलताई लाजल्या.

पण ओट्यावर त्या दोघी एकट्या बसू शकल्या नाहीत. पुस्तक परत आलं ही बातमी आधीच पोचली होती. सुखीबाई आल्या, बिजलीबाई आल्या, विहीणबाई मोबाइलच्या स्पीकरवर आल्या. धनसिंग पायरीवर बसले. सदाशिवराव बसायला खुर्च्या पोचवायला म्हणून आले आणि, आपला काही संबंध नाही असं दाखवत, भिंतीला टेकून उभे राहिले. मग विमलताईंनी शेवटचं प्रकरण वर्गात वाचत तशा खणखणीत आवाजात वाचलं. ज्यांना शेवट माहीत होता ते ओठ दाबून बसले.

खून ग्रेडरने केला होता.

सगळा ओटा सदाशिवरावांकडे वळला.

"काहीतरीच," सदाशिवराव म्हणाले. "ग्रेडर असं करतच नाई. अन् सरकीच्या ढिगात मुडदा लपवते कोनी? ढीग गरम होते. दुसऱ्या दिशी वास येते. लिवनाऱ्याले जिनिंगचं काय समजते?"

"मंग वाचून पाहा ना," सुखीबाई म्हणाल्या. "त्यात लिवलं हाये ढीग कसा थंडा ठेवला त."

यावर जो गलका झाला त्यात विमलताईंचं मत कुणी ऐकलंच नाही. त्यांनीच मग आवाज चढवून सांगितलं, "ऐका. मी पहिल्या दिवसापासून मुनीम म्हणत होते. साफ चुकले. अमिनाबी, पुस्तक एक नंबर आहे. इतक्या वर्षांत तुमचं ऐकायला हवं होतं." अमिनाबींनी नुसती मान हलवली, पण ती अशी हलवली की त्यात सगळ्या शनिवारांचा हिशेब चुकता झाला.

"आता तुमच्यातलं एखांदं द्या, बाई," सुखीबाई म्हणाल्या. "पन खून पायजे त्यात."

एरवी विमलताईंनी यावर साहित्याच्या दर्जावर व्याख्यान दिलं असतं. आज त्यांनी गाठ मारलेल्या फुटक्या पिशवीत हात घातला, क्षणभर विचार केला आणि आत्मचरित्र काढलं. "हे एका बाईंनी लिहिलंय. नवऱ्याबद्दल. खून यात नाही. पण दोन-तीन ठिकाणी व्हायला पाहिजे होता."

सुखीबाईंनी ते झडप घालून घेतलं. बिजलीबाई म्हणाल्या, तुझं झालं की मले. विहीणबाई फोनवरून ओरडल्या की मंग कळंबले पाठवा. विमलताईंनी सुचवलेल्या पुस्तकासाठी नेरमध्ये रांग लागली होती, आणि ती बघताना त्यांचा चेहरा असा फुलला की अमिनाबींनी सुनेला आणखी चहा टाकायला सांगितला.

सदाशिवराव भिंतीपासून हळूच पुढे आले. 'जिनिंगमधले प्रेत' त्यांनी उचललं, कापसाचा नमुना पाहावा तसं अंगठ्याने दाबून पाहिलं आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "नेतो मी हे. त्या ढिगाचं पाहाच लागन."

"खुशाल न्या, भाऊ," अमिनाबी म्हणाल्या. "पन कव्हर नोका घालू."